पट्ट्याचा ताण (मोटारसायकल)

मोटारसायकलच्या गिअरबॉक्सपासून मागच्या चाकापर्यंत शक्ती वाहून नेणारा दातेरी पट्टा दोन पुलींवर किती घट्ट बसलेला आहे, याच्या मापाला पट्ट्याचा ताण म्हणतात. हा ताण उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेत आहे की नाही हे पाहणे म्हणजे ताणतपासणी, आणि मागचे चाक किंचित पुढे-मागे सरकवून तो मर्यादेत आणणे म्हणजे समायोजन होय. चेनच्या तुलनेत पट्ट्याला हे काम क्वचितच करावे लागते. मात्र करताना लागणारी अचूकता चेनपेक्षा बरीच जास्त असते. चेन बोटभर सैल राहिली तरी गाडी बराच काळ निभावून नेते. पट्ट्याच्या बाबतीत चाकाचा आस अर्धा मिलिमीटर सरकला तरी ताण मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

व्याप्ती

येथे वर्णन केलेला पट्टा म्हणजे मोटारसायकलच्या बाहेरच्या बाजूला उघडा दिसणारा, आतून दाते असलेला, रुंद व सपाट पट्टा. भारतातील बहुतेक पेट्रोल स्कूटरांमध्येही ‘बेल्ट’ असतो, परंतु तो इंजिनाच्या झाकणाआड चालणारा व्ही आकाराचा पट्टा होय. त्याच्या पुलींचा व्यास वेगानुसार आपोआप बदलतो, आणि त्याचा ताण मागच्या पुलीतील स्प्रिंग राखते. तो पट्टा झिजला की बदलतात. त्याचा ताण जुळवण्याची सोय नसते व गरजही नसते. या दोन पट्ट्यांची गल्लत नेहमी होते, म्हणून हा भेद आरंभीच ध्यानात घ्यावा.

पूर्वेतिहास

विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोटारसायकली चामड्याच्या किंवा रबर-कापडाच्या बिनदाती पट्ट्यांवर चालत. हार्ले-डेव्हिडसनच्या पहिल्या गाड्या आणि ब्रिटनमधील ट्रायम्फच्या सुरुवातीच्या गाड्या याच जातीच्या होत्या. रज मल्टी या ब्रिटिश गाडीत तर पुलीचा परिणामी व्यास चालता चालता बदलता येई; या गाडीने १९१४ साली आइल ऑफ मॅन येथील सीनियर टीटी शर्यत जिंकली. बिनदाती पट्टा केवळ घर्षणावर चालतो. पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरताना ज्याने पाहिला आहे त्याला या व्यवस्थेतील उणीव निराळी सांगावी लागत नाही. पावसात पट्टा भिजला की पकड सुटे, आणि पकड टिकवायची तर ताण इतका ठेवावा लागे की चामडे लवकर लांबे. पहिल्या महायुद्धानंतर चेनने पट्ट्याला जवळजवळ पूर्णपणे मागे सारले.

पट्टा परत आला तो दाते घेऊन. दातेरी पट्ट्याचा विकास १९४० च्या दशकात अमेरिकेत झाला; शिवणयंत्रातील सुई आणि बॉबिन यांची गती एकमेकींशी जुळवून ठेवणे हा त्याचा आरंभीचा उपयोग होता. पुढे मोटारगाडीच्या इंजिनातील कॅमशाफ्ट फिरवण्यासाठी तो वापरात आला. मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा भार पेलण्यासाठी मात्र अधिक बळकट तंतूंची गरज होती. १९६५ साली ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून ॲरामिड वर्गातील केव्हलार या तंतूचा मार्ग खुला झाला. अशा तंतूंच्या दोऱ्यांवर रबराचे किंवा पॉलियुरेथेनचे आवरण चढवले की पट्टा वजनाने हलका राहतो आणि भाराखाली फारसा लांबत नाही. हार्ले-डेव्हिडसनने १९८० साली एफएक्सबी स्टर्जिस ही गाडी दातेरी पट्ट्यासह बाजारात आणली. त्यानंतर कावासाकीने काही छोट्या गाड्यांत, आणि बीएमडब्ल्यूने २००६ मध्ये एफ ८०० एस व एफ ८०० एसटी या गाड्यांत पट्टा वापरला. त्याच कुळातील एफ ८०० जीएस या खडबडीत वाटांवरच्या गाडीला मात्र चेनच दिली गेली. खडे आणि चिखल यांच्याशी पट्ट्याचे जमत नाही.

भारतात या रचनेचा परिचय प्रथम हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्यांनी करून दिला. त्यांपैकी स्ट्रीट ७५० ही गाडी हरियाणातील बावल येथे जोडली जाई व २०१४ पासून येथे विकली गेली. आता एथर ४५० ही विजेवरची स्कूटर आणि रिव्होल्ट आरव्ही ४०० ही विजेवरची मोटारसायकल यांमुळे दातेरी पट्टा सामान्य ग्राहकाच्या दारात पोहोचला आहे.

ताणाचे प्रयोजन

दात्यांमुळे पट्टा घसरत नाही, मग ताणाची आवश्यकताच काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. गाडी वेग घेते तेव्हा पुढची पुली पट्ट्याचा वरचा भाग आपल्याकडे ओढते. वरच्या भागाचा ताण वाढतो आणि खालचा भाग सैल पडतो. मुळातला ताण कमी असेल तर सैल भागातील दाते पुलीच्या खाचांत पूर्ण बसत नाहीत व खाचेच्या कडेवर चढू लागतात. भार एकाएकी वाढला, उदाहरणार्थ खड्ड्यातून चाक उसळून पुन्हा रस्त्यावर टेकले, तर पट्टा एक-दोन दाते ओलांडून पुढे सरकतो. त्या वेळी ‘कट्’ असा आवाज येतो व गाडीला हिसका बसतो. असे एकदा झाले तरी दात्यांच्या मुळाशी चीर पडू शकते. वारंवार झाले तर दाते तुटतात.

अति ताणाचे दुष्परिणाम याच्या उलट, संथ गतीने होतात. पट्टा गिअरबॉक्सच्या दंडाला आणि चाकाला एकमेकांकडे सतत ओढत राहतो. त्यामुळे दोन्हींकडील बेअरिंगांवर अकारण भार येतो, तेलसील लवकर गळू लागते आणि पट्ट्यातील तंतू पुलीवर वळताना थकत जातात. वेगासोबत चढत जाणारा घों-घों असा आवाज हे एक लक्षण आहे, परंतु ते नेहमीच आढळते असे नाही. सैल पट्टा चालकाला तक्रार ऐकवतो; घट्ट पट्टा बहुधा मुकाट्याने बेअरिंग खातो. चेन जुळवण्याची सवय झालेला हात ‘थोडा कसलेला बरा’ असा विचार करतो, आणि व्यवहारात दोहोंपैकी अति ताणाचीच चूक अधिक घडते.

पट्टा तुटल्यास रस्त्यावर दुरुस्ती होत नाही. चेनची कडी जोडता येते. पट्टा अखंड वर्तुळाकार असल्याने नवा बसवण्यासाठी पुष्कळ गाड्यांत मागचे चाक आणि स्विंगआर्म दोन्ही उतरवावे लागतात.

मोजण्याच्या पद्धती

ताण थेट मोजणे अवघड असल्याने तो अप्रत्यक्षपणे मोजतात. सर्वांत रूढ पद्धत दाबाची आहे. पट्ट्याच्या खालच्या भागाच्या मध्यावर ठरावीक बळ लावायचे आणि पट्टा मूळ रेषेपासून किती सरकतो ते पाहायचे. या सरकण्याला विचलन म्हणतात. हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्यांसाठी हे बळ १० पौंड, म्हणजे सुमारे ४.५ किलोग्रॅम वजनाइतके किंवा ४४.५ न्यूटन असते. त्यासाठीचे उपकरण साधे आहे: नळीत स्प्रिंग, वर पट्ट्याला टेकणारी बैठक आणि नळीवर सरकणारे रबरी कडे. कडे १० च्या खुणेवर येईपर्यंत उपकरण वर दाबायचे व विचलन वाचायचे. काही नमुन्यांत पट्ट्याखालच्या रक्षकपट्टीत एक खिडकी आणि तिच्या कडेला खुणा असतात; नसल्यास शेजारी पट्टी धरून माप घेतात. अनेक नमुन्यांसाठी सांगितलेले विचलन ८ ते ११ मिलिमीटरच्या आसपास आहे, काहींचे त्याहून जास्त आहे. एका नमुन्याचे माप दुसऱ्याला लावणे सर्वथा चुकीचे होय, कारण पुलींमधील अंतर व पट्ट्याची रुंदी बदलली की हे माप बदलते.

या पद्धतीमागील गणित शालेय भौतिकशास्त्रातील आहे. मोकळ्या भागाची लांबी ल, मध्यावरील बळ ब आणि विचलन व असेल, आणि विचलन लांबीच्या मानाने लहान असेल, तर ताण सुमारे (ब × ल) ÷ (४ × व) इतका येतो. लांबी ४०० मिमी, बळ ४५ न्यूटन व विचलन १० मिमी धरले तर ताण ४५० न्यूटन निघतो. विचलन ५ मिमी झाले तर ताण दुप्पट होतो. प्रत्यक्षात पट्टा स्वतः काहीसा ताठ असतो आणि दाबल्याने त्याचा ताणही थोडा वाढतो. त्यामुळे हे उत्तर अंदाजाचे असते. नमुन्यानमुन्यासाठी उत्पादक निराळे आकडे देतात त्याचे एक कारण हेच.

अंगठ्याने पट्टा दाबून ‘ठीक वाटतो’ असा निर्वाळा देणे गॅरेजांत सर्रास चालते. अंगठ्याचे बळ ४ किलोग्रॅम आहे की ८, हे अंगठ्याला कळत नाही, आणि त्यावरून काढलेले विचलन निरर्थक ठरते. खास उपकरण हाताशी नसल्यास सामान तोलायचा स्प्रिंगकाटा हुकाने पट्ट्याच्या मध्यावर अडकवून खाली ओढणे हा त्यापेक्षा पुष्कळच बरा उपाय आहे. हुकाने पट्ट्याची कड चिरू नये म्हणून मध्ये रुंद कापडी पट्टी घ्यावी.

दुसरी पद्धत नादाची आहे. तंबोऱ्याची तार जितकी ताणावी तितका स्वर चढतो, पट्ट्याचेही तसेच. मोकळ्या भागाला बोटाने टिचकी मारली की तो कंप पावतो. त्या कंपनाची वारंवारता क, मोकळ्या भागाची लांबी ल आणि पट्ट्याचे दर मीटर वस्तुमान म असेल तर ताण ४ × म × ल² × क² इतका असतो. समजा, वस्तुमान दर मीटरला ०.२५ किलोग्रॅम, लांबी ०.४ मीटर आणि वारंवारता ५० हर्ट्झ आहे. तर ताण ४०० न्यूटन येईल. वारंवारतेचा वर्ग घ्यावा लागत असल्याने तिच्या मापात दहा टक्क्यांची चूक झाली तर ताणात सुमारे वीस टक्क्यांची चूक होते. यासाठी ध्वनिमापक मिळतात, आणि आवाजाची वारंवारता दाखवणारी मोबाइल ॲपही वापरली जातात. पट्ट्याचा स्वर खर्जाचा व क्षणभंगुर असतो; भोवती गोंगाट असेल तर मोबाइल भलताच आकडा दाखवतो. किमान तीन वेळा सारखाच आकडा आल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

तपासणीची स्थिती

ताण पट्टा थंड असतानाच पाहावा. पुलींमधील अंतर राखणारे इंजिनाचे कवच आणि स्विंगआर्म धातूचे असतात व तापल्यावर प्रसरण पावतात. ॲरामिड तंतू मात्र लांबीच्या दिशेने तापल्यावर उलट किंचित आखडतात. ॲल्युमिनियमचा अर्ध्या मीटर लांबीचा भाग ३० अंश सेल्सिअसने तापला तर सुमारे ०.३५ मिलिमीटरने वाढतो. साहजिकच फिरून आलेल्या गाडीचा पट्टा थंड गाडीपेक्षा घट्ट लागतो, आणि त्या वेळी ‘योग्य’ जुळवलेला पट्टा सकाळी सैल असतो.

गाडी कशी उभी आहे, यालाही तितकेच महत्त्व आहे. बहुतेक गाड्यांत पुढची पुली आणि स्विंगआर्मचा खिळा एकाच अक्षावर नसतात. त्यामुळे मागचे चाक वर-खाली होते तसे दोन पुलींमधील अंतर बदलते. पुढच्या पुलीचा मध्य, स्विंगआर्मचा खिळा आणि मागच्या चाकाचा आस हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा हे अंतर सर्वांत मोठे, म्हणून पट्टा सर्वांत घट्ट असतो. चाक अधांतरी लोंबत असताना जुळवलेला पट्टा चालक बसल्यावर अति घट्ट होणे शक्य असते. काही उत्पादक साइड स्टँडवर, काही गाडी सरळ उभी करून, तर काही चालकाच्या वजनासह माप घ्यायला सांगतात. ज्या गाडीसाठी जी स्थिती सांगितली असेल तीच धरावी. ब्युएल कंपनीच्या एक्सबी मालिकेत ही अडचण एका वेगळ्या वाटेने सोडवली होती. तेथे एक जादा पुली पट्ट्याचा मार्ग अशा रीतीने वळवते की ताण जवळजवळ कायम राहतो आणि समायोजनाची सोयच ठेवलेली नाही.

माप घेताना गिअर न्यूट्रलमध्ये असावा, म्हणजे वरचा व खालचा भाग सारखाच ताणलेला राहतो. एकाच ठिकाणचे माप पुरेसे नसते. पुली पूर्ण गोल नसतात आणि पट्टाही सर्वत्र एकसारखा नसतो. म्हणून चाक पाव-पाव फेरा फिरवून निदान चार ठिकाणी माप घेतात व सर्वांत घट्ट जागा शोधतात. समायोजन त्याच जागेच्या मापाने करायचे असते. सैल जागेवर माप जुळवले तर घट्ट जागा मर्यादेबाहेर जाते. चाक हाताने फिरवताना इंजिन बंद आणि किल्ली काढलेली असणे अनिवार्य आहे. पट्टा व पुली यांच्यामध्ये सापडलेले बोट सुटत नाही.

समायोजन

बहुसंख्य गाड्यांत स्विंगआर्मच्या दोन्ही टोकांना चाकाचा आस सरकवणारे समायोजक स्क्रू असतात. प्रथम आसाचा मोठा नट सैल करतात. तो पूर्ण काढत नाहीत. मग दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखेच, आणि एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही, असे फिरवतात. या पाव फेऱ्यामागे हिशेब आहे. ८ मिमी जाडीच्या सर्वसाधारण स्क्रूची आटी १.२५ मिमीची असते, म्हणजे पाव फेऱ्यात आस सुमारे ०.३ मिमी सरकतो. दुसरीकडे, ४०० मिमी लांबीचा न लांबणारा पट्टा मध्यावर १० मिमी सरकायला त्या भागात केवळ अर्धा मिलिमीटर ढिलाई पुरते. चेनच्या सवयीने अर्धा फेरा दिला की विचलन एकदम नाहीसे होते ते याचमुळे.

पट्टा सैल करायचा असल्यास स्क्रू मागे घेऊन थांबणे पुरत नाही. आस आपल्या जागी तसाच राहू शकतो. स्क्रू सोडल्यावर चाक हाताने पुढे ढकलून तो समायोजकाला टेकल्याची खात्री करावी लागते. काही कारागीर म्हणूनच आधी पट्टा हवा त्याहून सैल करतात आणि नंतर कसत कसत मापावर येतात. ही पद्धत अधिक भरवशाची आहे. बीएमडब्ल्यूच्या एफ ८०० एस सारख्या एकबाजूच्या स्विंगआर्मच्या गाडीत स्क्रूंऐवजी विकेंद्री बैठक फिरवून आस सरकवतात. तेथे दोन बाजू सारख्या ठेवण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

ताण मापात आल्यावर आसाचा नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने कसायचा आणि पुन्हा माप घ्यायचे. नट कसताना आस किंचित सरकतो व ताण बदलतो. दुसरे माप न घेणे ही या कामातील सर्वांत सामान्य त्रुटी होय. नटाला खिळपिन असल्यास ती दर वेळी नवी घालावी. शेवटी ब्रेकचे पेडल दोन-तीनदा दाबून ब्रेक पकडतो याची खात्री करूनच गाडी हलवावी.

संरेखन

दोन बाजूंचे स्क्रू असमान फिरले तर चाक तिरपे बसते. चेन हे काही काळ सोसते. रुंद पट्टा मात्र एका कडेकडे सरकून पुलीच्या कठड्याला घासू लागतो. आसाच्या मध्यापासून स्विंगआर्मच्या खिळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजून ते सारखे ठेवणे हा खात्रीचा मार्ग आहे. स्विंगआर्मवरील खुणा सोयीच्या असतात, पण त्यांची अचूकता पट्ट्याला पुरेल इतकी असतेच असे नाही. चाक पुढच्या दिशेने फिरवत राहून पट्टा मागच्या पुलीवर कोठे स्थिरावतो ते पाहावे. तो कठड्याला हलकेच टेकून चालला तर चालते; दाबून घासला, कड तुळतुळीत वा फिसकारलेली दिसली, तर संरेखन बिघडले आहे.

पट्ट्याची पाहणी

ताण तपासताना पट्टा स्वच्छ करून उजेडात पाहून घेतात. बाह्य पृष्ठावरील बारीक सुरकुत्या किंवा कडेची थोडी तिरपी झीज यांवर लक्ष ठेवणे पुरेसे असते. दात्याच्या मुळाशी चीर, तुटलेला दाता, उघडे पडलेले तंतू, किंवा खडा अडकून पडलेले आरपार छिद्र दिसल्यास पट्टा बदलणे हाच उपाय आहे. ताण वाढवून यांतील काहीही बरे होत नाही. पुलीच्या दात्यांवरील मुलामा उडाला असेल तर नवा पट्टाही लवकर झिजतो.

पट्ट्याला तेल किंवा ग्रीस लावू नये. चेनवर फवारायचे वंगण काही ठिकाणी सेवाभावाने पट्ट्यावरही फवारले जाते. त्याने धूळ चिकटते व काही आवरणे खराब होतात. धुण्यासाठी सौम्य साबणाचे पाणी पुरते. सुटा पट्टा ठेवताना त्याची घट्ट घडी करू नये, तसेच पुढच्या पुलीच्या व्यासाहून लहान वेटोळे करू नये. ॲरामिडचे दोरे ताणात असामान्य बळकट असले तरी तीव्र दुमडीत मोडतात. ही इजा बाहेरून दिसत नाही, आणि असा पट्टा पुढे केव्हातरी ऐन भारात तुटतो.

नवा पट्टा सुरुवातीला थोडा बैठक घेतो व ताण काहीसा उतरतो. त्यामुळे पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी तपासणी आवश्यक मानली जाते. त्यानंतर दर सर्व्हिसिंगला माप घेतले तरी प्रत्यक्ष समायोजनाची वेळ क्वचित येते. सारखा सैल पडणारा पट्टा समायोजनाचा नव्हे, तर बिघाडाचा संकेत असतो. बेअरिंग, झिजलेली पुली, न कसलेला आसाचा नट आणि खुद्द पट्ट्यातील तुटलेले तंतू ही त्याची नेहमीची कारणे.

विजेवरच्या दुचाकी

विजेवरच्या दुचाकींत पट्ट्याचा विशेष लाभ म्हणजे शांतता. इंजिनाचा आवाज नसल्याने चेनची खडखड तेथे अधिकच जाणवते. मोटरचे बल शून्य वेगापासूनच मिळते, त्यामुळे सैल पट्ट्याचे दाते ओलांडले जाण्याचा धोका गाडी जागेवरून निघतानाच सर्वाधिक असतो. पुनर्निर्मितीक्षम ब्रेकिंगमध्ये, म्हणजे वेग कमी करताना मोटर जनित्रासारखी चालून बॅटरी भरते तेव्हा, चाक मोटरला ओढते; खालचा भाग ताणला जातो आणि वरचा सैल पडतो. पेट्रोल गाडीतही इंजिन-ब्रेकिंगमुळे हे घडते, परंतु शहरी वाहतुकीत चालणाऱ्या विजेच्या गाडीत दिवसाकाठी कितीतरी अधिक वेळा. या गाड्यांत न्यूट्रल गिअर नसतो व चालू स्थितीतील मोटर निःशब्द असते. म्हणून पट्ट्याजवळ हात नेण्यापूर्वी गाडीचा वीजपुरवठा पुस्तिकेनुसार पूर्ण बंद करतात.